रांगेतलं शहाणपण

1 जानेवारी 2024 ला देशभरातल्या ट्रकचालकांनी चाकं थांबवली. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 (2) मध्ये, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती आणि तिच्याविरुद्धचा हा संताप होता. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. तिथले टँकरचालकही संपात उतरले आणि उत्तर महाराष्ट्राच्या पंपांकडे जाणारा पुरवठा आटला. दुसऱ्या दिवशी नागपूरपासून नाशिकपर्यंत पंपांवर रांगा लागल्या. कुणी ऑफिसला दांडी मारून रांगेत उभा, कुणी बंद पडलेली गाडी ढकलत आणलेली, कुणी घरातल्या दोन्ही गाड्या आलटून पालटून भरून नेणारा. त्या रात्री केंद्रीय गृहसचिवांची वाहतूकदारांच्या संघटनेशी बैठक झाली, चर्चा केल्याशिवाय हे कलम लागू करणार नाही असं आश्वासन मिळालं आणि टँकर निघाले.

या दोन दिवसांत समुद्रात एकही तेलवाहू जहाज अडलं नव्हतं. एकही रिफायनरी बंद पडली नव्हती. देशात तेल होतं, डेपोत पेट्रोल होतं. तरीही कितीतरी पंपांवर 'साठा संपला' अशी पाटी लागली. हे झालं कसं, हे नीट पाहिलं तर इंधनाच्या टंचाईबद्दल आणि महागाईबद्दल आपण एरवी जे बोलतो त्यातलं बरंचसं अपुरं आहे, हे लक्षात येतं.

हिशेब सोपा आहे. समजा एखाद्या मध्यम पंपाची पेट्रोलची भूमिगत टाकी वीस हजार लिटरची आहे आणि दिवसाचा खप पाच हजार लिटर. दर दोन-तीन दिवसांनी टँकर आला की काम भागतं. पंपावर येणारा दुचाकीवाला 'दोनशेचं टाक' म्हणतो, म्हणजे जेमतेम दोन लिटर घेतो. असे अडीच हजार लोक रोज येतात. आता संपाची बातमी फुटते आणि तेच अडीच हजार लोक 'फुल कर' म्हणतात. प्रत्येकाच्या टाकीत आठ लिटर गेले तर वीस हजार लिटर संपले. एका दिवसात चार दिवसांचा साठा उडाला. त्यात जे उद्या-परवा येणार होते तेही आजच आले, आणि भूमिगत टाकी मुळात काठोकाठ भरलेली नव्हतीच. म्हणजे दुपारपर्यंत पंप ड्राय. गंमत अशी, की त्या दिवशी कुणी एक किलोमीटरही जास्त गाडी चालवलेली नसते. पेट्रोल फक्त पंपाच्या एका मोठ्या टाकीतून हजारो छोट्या टाक्यांत जाऊन बसलेलं असतं.

अशा वेळी प्रशासन नेहमीचं आवाहन करतं: अफवांवर विश्वास ठेवू नका, घाबरून गर्दी करू नका. वर्तमानपत्रं लोकांच्या उतावळेपणावर अग्रलेख लिहितात. मला हा उपदेश अन्यायाचा वाटतो. उद्या सकाळी सातला एमआयडीसीत पहिल्या पाळीला हजर व्हायचं असलेल्या माणसाच्या गाडीत एक लिटर पेट्रोल आहे. शेजारी पाजारी टाकी भरून येताना त्याला दिसतात. तो संयमाने घरी बसला तर उद्या त्याची पाळी बुडते, खाडा पडतो, आणि त्याच्या संयमाबद्दल कुणी त्याला शाबासकी देत नाही. त्याच्या जागी उभं राहिलं तर रांगेत लागणं हाच शहाणपणा आहे. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणा वागतो आणि सगळ्यांचं शहाणपण एकत्र आलं की पंप कोरडा होतो.

म्हणून अशा वेळी आवाहनापेक्षा सगळ्यांना दिसणारा, सगळ्यांना लागू असलेला नियम कामाला येतो. त्याच संपात चंडीगढ प्रशासनाने दुचाकीला दोन लिटर किंवा दोनशे रुपये आणि चारचाकीला पाच लिटर किंवा पाचशे रुपये अशी मर्यादा घातली. श्रीलंकेत 2022 साली परकीय चलनाच्या खडखडाटामुळे टंचाई खरीखुरी होती. लोक पंपाबाहेर रात्री काढत होते. तिथे जुलैमध्ये क्यूआर कोडचा इंधन पास आला. मोटारीला आठवड्याला वीस लिटर, रिक्षाला पाच, मोटारसायकलला चार. कोटा तुटपुंजा होता, रिक्षावाल्याचं पोट त्यावर भरत नव्हतं, पण पास रुळल्यावर पंपाबाहेरच्या मुक्कामाच्या रांगा ओसरत गेल्या. शेजाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त मिळणार नाही याची खात्री पटली की माणूस निम्मा निश्चिंत होतो. असा नियम पंप ड्राय झाल्यावर घाईघाईत काढण्याऐवजी प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात आधीपासून तयार, आणि लोकांना आधीपासून ठाऊक असायला हवा. पुराचा आराखडा असतो तसा.

टंचाई ही एक बाजू झाली. दुसरी बाजू दरांची. आपण या दोन्ही वेगळ्या समजतो, पण त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत आणि त्याचा धडा आपल्याला 2022 साली मिळाला आहे.

कागदावर पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. जून 2017 पासून ते रोज बदलू लागले. पण नोव्हेंबर 2021 च्या सुरुवातीला केंद्राने पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क पाच रुपयांनी आणि डिझेलवरचं दहा रुपयांनी घटवलं, आणि मग मुक्त म्हणवणारे हे दर जे गोठले ते तब्बल 137 दिवस. मधल्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कच्चं तेल पिंपामागे शंभर डॉलरच्या वर गेलं. पंपावरचा आकडा जागचा हलला नाही. निकाल लागला की दर वाढणार, हे चहाच्या टपरीवरच्या माणसालाही कळत होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात राहुल गांधींनी टाक्या भरून घ्या असा टोला ट्विटरवरून मारला, तो गाजण्याचं कारण हेच. 10 मार्चला निकाल लागले, 22 मार्चपासून वाढ सुरू झाली आणि 6 एप्रिलपर्यंत चौदा हप्त्यांत दहा रुपये चढले. मुंबईत पेट्रोल 120 रुपये 51 पैशांवर जाऊन थांबलं. पानेवाडीच्या डेपोपासून लांब असलेल्या परभणीत ते 123 च्या पुढे होतं.

आणि पुन्हा दर गोठले. आता खरी गंमत पुढे. सरकारी कंपन्या तोटा सोसून विकत होत्या. खासगी कंपन्यांना तो तोटा परवडेना. त्यांनी काही पंपांवर दर चढे ठेवले, काहींवर विक्रीच आवरती घेतली. त्यांचं गिऱ्हाईक सरकारी पंपांवर लोटलं आणि जूनमध्ये काही राज्यांत पंप कोरडे पडू लागले. शेवटी केंद्राला नियम बदलून खासगी पंपांनाही विक्री चालू ठेवण्याचं बंधन घालावं लागलं. म्हणजे स्वस्त दिसावं म्हणून दाबून ठेवलेल्या दराने टंचाईला जन्म दिला. दर थोडा थोडा, रोजच्या रोज वाढत गेला असता तर लोकांनी शिव्या घातल्या असत्या, पण गाडीचा वापर थोडा थोडा आवरलाही असता. दर दाबून एकदम सोडला की लोक शिव्याही घालतात आणि टाक्याही भरतात.

उतरणीच्या वेळी काय होतं तेही पाहू. एप्रिल 2020 मध्ये कोरोनामुळे जगाची चाकं थांबली आणि अमेरिकेतल्या वायदेबाजारात एक दिवस कच्च्या तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला. भारताला लागणाऱ्या तेलाची सरासरी किंमत पिंपामागे वीस डॉलरच्या आसपास आली. तेव्हा मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये शुल्क एका रात्रीत वाढवलं. स्वस्ताई आली ती तिजोरीने गिळली आणि महागाई आली ती गिऱ्हाइकाच्या अंगावर पडली. शिवाय केंद्राचं बहुतेक शुल्क उपकर आणि विशेष शुल्काच्या रूपात असल्याने त्यातला वाटा राज्यांना मिळत नाही. राज्याचा व्हॅट टक्केवारीत, त्यावर लिटरमागे वेगळा अधिभार. म्हणजे तेल चढलं की राज्याचं उत्पन्न आपोआप चढतं. पेट्रोल जीएसटीत आणण्याचा विषय सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत निघाला आणि ही त्याची वेळ नव्हे म्हणून बाजूला ठेवला गेला. केंद्रात कुणीही असो, राज्यात कुणीही असो, या एका बाबतीत सगळ्या पक्षांचं एकमत आहे. ज्याला दर का चढतो आणि का उतरत नाही हे कधीच सरळ सांगितलं जात नाही, तो माणूस 'पुरेसा साठा आहे' या सरकारी पत्रकावर विश्वास कसा ठेवणार? रांग लांबते ती या अविश्वासामुळे.

मग हा माणूस काय करतो? जुगाड करतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा कॉक फिरवून रिझर्व्हला लावायचा, तेही संपलं की गाडी आडवी पाडून तळाचं पेट्रोल इंजिनाकडे सरकवायचं आणि चोक देऊन किक मारायची, ही विद्या आपल्याकडे घरोघर होती. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-सिक्स गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं आणि हा कॉक गेला. आता टाकी तळाला नेली तर आतला पंप कोरडा चालून बिघडतो आणि वाचवलेल्या पेट्रोलच्या अनेक पट मेकॅनिकला द्यावे लागतात. उतारावर गाडी न्यूट्रल करायची ही दुसरी विद्या. कसारा असो, खंबाटकी असो, माथा ओलांडला की गिअर काढून गाडी सोडून देणारे आजही दिसतात. खरं तर इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला पेट्रोल जवळजवळ मिळतच नाही. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरतं पेट्रोल जळतच राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. म्हणजे पैसा वाचत नाही, जीव मात्र टांगणीला लागतो.

काही सवयी मात्र खऱ्या आहेत. ताशी 45 ते 55 किलोमीटरचा वेग, टायरमध्ये पुरेशी हवा, लांबच्या सिग्नलला इंजिन बंद, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग. पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था 1970 च्या दशकापासून हे कानीकपाळी ओरडून सांगते आहे. यातून थोडंफार पेट्रोल जरूर वाचतं. पण दर वर्षा-दोन वर्षांत वीस-पंचवीस टक्क्यांनी चढू शकत असेल, तर टायरमधली हवा त्याला कुठवर पुरणार?

मग माणूस मोठा डाव खेळतो: इंधनच बदलतो. एप्रिल 2022 मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला आणि मुंबईत सीएनजी किलोमागे साठ रुपयांवर उतरला. पेट्रोल एकशेवीसला टेकलेलं. अनेकांनी कर्ज काढून किट बसवलं किंवा कंपनीची सीएनजी गाडी घेतली. तोच सीएनजी ऑगस्टमध्ये शहाऐंशीवर गेला आणि नोव्हेंबरात साडेएकोणनव्वदवर. जगभर गॅस महागला होता आणि त्याची झळ मुंबईच्या रिक्षावाल्याला लागली. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये ट्रॉम्बेला आरसीएफ या खत कारखान्याच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतल्या पंपांवरचा दाब पडला. दोन-तीन दिवस रिक्षा-टॅक्सींच्या रांगा रस्त्यावर वळसे घेत होत्या. पेट्रोलच्या रांगेतून सुटण्यासाठी ज्यांनी पैसे घातले ते दुसऱ्या रांगेत उभे होते. एका नळीवर लाखभर माणसांची रोजी अवलंबून असेल तर इंधन कोणतं आहे याने फारसा फरक पडत नाही.

इथेनॉलचंही असंच. वीस टक्के मिश्रणामुळे परकीय चलन वाचतं, उसाच्या पट्ट्यात पैसा फिरतो, हे खरं आहे आणि महाराष्ट्राला ते नाकारून चालणार नाही. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज थोडं घटतं आणि लिटरचा दर मात्र घटत नाही. विजेची गाडी या सगळ्यांत जास्त पुढे नेणारी आहे. देशातल्या कोळशावर आणि उन्हावर ती चालते, होर्मुझच्या सामुद्रधुनीवर नाही. तरी ती आज त्याला सोयीची पडते ज्याच्याकडे स्वतःचं पार्किंग आणि त्यापाशी प्लग आहे. चाळीतल्या आणि जुन्या सोसायटीतल्या माणसाला चार्जिंगसाठी आधी सर्वसाधारण सभेत ठराव जिंकावा लागतो.

हे सगळे उपाय एकेकट्याने करायचे आहेत आणि प्रत्येक उपायात माणूस आपल्या वाहनाशी आणखी घट्ट बांधला जातो. माझं म्हणणं असं आहे, की इंधनाच्या संकटात वाहनचालकाला खरा आधार त्याच्या टाकीत नसतो, दुसऱ्या वाहनात असतो. आपली गाडी घरी ठेवून कामावर जाता येतं का, या प्रश्नाचं उत्तर होकारार्थी असेल तर महागाई नुसती चिडचिड करवते. नकारार्थी असेल तर ती गळा धरते.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. ऑक्टोबर 2021 च्या अखेरीस एसटीचे कर्मचारी शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी संपावर गेले. हा संप सहा महिने चिघळला. मुंबई उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर हजर व्हायची मुदत दिली तेव्हा कुठे गाड्या पूर्ववत सुटू लागल्या. आता दरांच्या तारखा शेजारी ठेवून पाहा. मुंबईत पेट्रोल 115 रुपये 85 पैसे झालं ते नोव्हेंबर 2021 च्या सुरुवातीला. 120 रुपये 51 पैसे झालं ते एप्रिल 2022 मध्ये. म्हणजे पेट्रोलचे दोन विक्रमी उच्चांक आणि एसटी बंद असणं हे एकाच सहा महिन्यांत घडलं. ज्या काळात तालुक्याच्या गावी जाणाऱ्या माणसाला बसची सर्वांत जास्त गरज होती, त्याच काळात फाट्यावर बस नव्हती. कर्मचाऱ्यांचा पगार तुटपुंजा होता, त्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, त्यांची बाजू खोटी नव्हती. पण राज्य म्हणून आपण हे प्रकरण सहा महिने लोंबकळू दिलं आणि त्याची किंमत वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसणाऱ्यांनी दिली, दुप्पट भाड्याने दिली. ज्यांना शक्य होतं त्यांनी हप्त्यावर मोटारसायकली घेतल्या. हप्ता चालू असलेला माणूस संप मिटल्यावर बसकडे सहसा परतत नाही.

त्याच सुमाराचा आणखी एक तपशील मला जास्त बोचतो. मार्च 2022 मध्ये मुंबईत रस्त्यावरच्या पंपावर डिझेल 94 रुपयांना मिळत होतं, कारण तो दर निवडणुकीसाठी गोठवलेला होता. पण घाऊक खरेदीदाराला, म्हणजे स्वतःच्या डेपोत टँकरने डिझेल घेणाऱ्या बस महामंडळासारख्या संस्थेला, तेच डिझेल 122 रुपयांना पडत होतं. एकट्या माणसाला घेऊन जाणाऱ्या आलिशान गाडीला स्वस्त डिझेल आणि पन्नास माणसं नेणाऱ्या लाल डब्याला लिटरमागे 28 रुपये महाग. केरळच्या सरकारी बस महामंडळाला यावरून न्यायालयात जावं लागलं. संकटात कुणाला आधी सावरायचं याचा क्रम आपल्या धोरणाने किती उलटा लावला होता, हे यापेक्षा स्पष्ट कशातून दिसणार?

यावर पहिला आक्षेप असा येतो, की लोकांनाच बस नको आहे, त्यांना स्वतःची गाडी हवी. थोडा हिशेब करू. गावापासून तीस किलोमीटरवर कामाला जाणारा माणूस धरा. जाऊन येऊन साठ किलोमीटर, पन्नासचं मायलेज, म्हणजे एक लिटर 200 मिली. 104 रुपये दराने सव्वाशे रुपये. जानेवारी 2025 च्या 14.95 टक्के भाडेवाढीनंतर साध्या एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला साधारण दहा रुपये पडतं. पाच टप्प्यांचे पन्नास, परतीचे पन्नास, मिळून शंभर. मासिक पास काढला तर वीस दिवसांच्या भाड्यात महिना निघतो. महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, म्हणजे पासशिवायही पन्नास रुपये. आणि यात मोटारसायकलचा हप्ता, ऑइल, टायर धरलेलेच नाहीत. बस स्वस्त आहे. तरीही तो माणूस मोटारसायकलच काढतो, कारण सकाळची बस सातला आहे आणि नंतरची साडेदहाला, संध्याकाळची कधी येते तर कधी येत नाही. त्याची तक्रार तिकिटाबद्दल नसून भरवशाबद्दल आहे. अर्ध्या तिकिटानंतर एसटीत महिलांची गर्दी किती वाढली हे कुठल्याही स्थानकावर उभं राहून कळतं. बस परवडली आणि वेळेवर आली तर लोक येतात.

शहरांची कथा वेगळी नाही. मुंबईच्या बेस्टकडे एके काळी चार हजारांहून जास्त गाड्या होत्या. आज तो ताफा कितीतरी आटला आहे, त्यात स्वतःच्या गाड्या थोड्या आणि कंत्राटी जास्त. मे 2025 मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचवरून दहा रुपये झालं. पुण्यात मेट्रो आली, छान झालं, पण मेट्रोच्या स्टेशनपासून घरापर्यंत नेणारी बस वेळेवर नसेल तर माणूस मेट्रोपर्यंत दुचाकीने जातो किंवा थेट दुचाकीनेच ऑफिस गाठतो. उड्डाणपुलासाठी पैसा सापडतो, बसच्या तोट्याची मात्र दरवर्षी चौकशी होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढा खटाटोप कशाला, सरळ कर कमी करा. कर कमी व्हावा असं कुणाला वाटणार नाही? पण लिटरमागे पाच रुपये कमी झाले तर महिन्याला वीस लिटर जाळणाऱ्या दुचाकीवाल्याचे शंभर रुपये वाचतात आणि दीडशे लिटर जाळणाऱ्या मोठ्या गाडीवाल्याचे साडेसातशे. जो जास्त जाळतो त्याला जास्त सवलत, असा हा न्याय. डिझेलचं तसं नाही, हे मान्य करायला हवं. डिझेल भाजीच्या जुडीत, ट्रॅक्टरच्या नांगरटीत आणि मालवाहतुकीच्या भाड्यात मुरलेलं असतं, त्यावरची कपात सगळ्यांपर्यंत थोडीफार झिरपते. पण पेट्रोलवरचा कर ठेवायचाच असेल तर तो स्थिर असावा, पावतीवर छापलेला असावा आणि त्यातला ठरावीक वाटा बससाठी बांधलेला असावा. मग टाकी भरताना जाणारा रुपया कुठे गेला हे फाट्यावर वेळेवर आलेल्या बसमधून दिसेल. आज रस्ता आणि पायाभूत सुविधांसाठी लिटरमागे उपकर घेतला जातो. त्या यादीत बसची फेरी का नसावी?

इतिहासाकडे पाहिलं तर दोन वाटा स्पष्ट दिसतात. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलाच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि काही महिन्यांत तेल चौपट महागलं. त्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. छायाचित्र अजरामर झालं. त्यानंतर प्रत्येक दरवाढीला विरोधी पक्षात जो असेल त्याने बैलगाडी काढायची, स्कूटरला हार घालून तिची अंत्ययात्रा काढायची, अशी प्रथाच पडली. सत्तेत गेल्यावर तोच पक्ष आंतरराष्ट्रीय बाजाराकडे बोट दाखवतो. त्याच नोव्हेंबरात नेदरलँड्समध्ये सरकारने रविवारी मोटारी रस्त्यावर आणायला बंदी केली. लोक महामार्गांवर सायकली घेऊन उतरले. तिथे मोटारींखाली मुलं चिरडली जातात म्हणून आई-बाप आधीच चिडलेले होते. तेलाच्या धक्क्याने त्या चळवळीला बळ आलं आणि पुढच्या दशकांत शहरं सायकलींसाठी पुन्हा बांधली गेली. धक्का दोघांना एकाच महिन्यात बसला. एकाने निषेधाची पद्धत कमावली, दुसऱ्याने रस्ते बदलले.

आपण तेलाच्या गरजेच्या 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या खडकांत 53 लाख टनांचा राखीव साठा ठेवायची सोय आहे, तो काठोकाठ भरला तरी देशाला साधारण साडेनऊ दिवस पुरेल. कंपन्यांकडचा साठा धरून ही मुदत दोन महिन्यांपुढे जाते. म्हणजे उद्या पंप रिकामे होतील अशी धास्ती घेण्याचं कारण नाही. पण आखातात क्षेपणास्त्र उडालं की दर हलणार, आणि टँकरवाला रुसला की पंप ड्राय होणार, या दोन्ही गोष्टी आपल्या आयुष्यात पुन्हा पुन्हा घडणार आहेत.

त्या वेळी काही माणसांना गाडी काढावीच लागेल. डायलिसिसच्या रुग्णाला नेणारी रिक्षा, दुधाचे कॅन घेऊन पहाटे निघणारा, पाड्यावर लसीची पेटी पोचवणारी आरोग्यसेविका, जेवणाचे डबे पोचवणारा पोरगा, बांधावरच्या पंपासाठी डिझेल आणायला निघालेला शेतकरी. यांना 'बसने जा' म्हणणं क्रूर आहे. पण म्हणूनच बाकीच्यांना बसने जाता आलं पाहिजे. ज्याला पर्याय आहे तो रांगेतून बाहेर पडला तरच ज्याला पर्याय नाही त्याच्या वाट्याला पेट्रोल येतं आणि परवडणाऱ्या दराने येतं. टंचाईतली समाजसेवा यापेक्षा वेगळी नसते, आणि ती उपदेशाने होत नाही, वेळापत्रकाने होते.

दरवाढीच्या दिवशी पंपावर माइक घेऊन येणारा वार्ताहर विचारतो, 'कसं वाटतंय?' आणि आपण सरकारच्या नावाने बोटं मोडतो. तो राग खरा आहे, पण स्वस्त आहे, आणि प्रत्येक सरकारला तो पचवायची सवय झाली आहे. पुढच्या वेळी तोच राग आपल्या आमदाराकडे, जिल्हा परिषदेच्या सदस्याकडे आणि नगरसेवकाकडे न्यायला हवा, एका नेमक्या मागणीसह: आमच्या फाट्यावरून सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, दर अर्ध्या तासाला बस, आणि ती नाही आली तर जबाबदार कोण त्याचं नाव फलकावर. कच्च्या तेलाचा भाव आपल्या आमदाराच्या हातात नाही, त्यामुळे दरवाढीवर तो खुशाल हात वर करू शकतो. सकाळी सातच्या बसच्या बाबतीत त्याला ती सोय नाही.